क्लासिक गाडीचे टायर किती जुने आहेत आणि त्यावर गाडी चालवावी का, हे कसं ठरवायचं

क्लासिक गाडी बघायला गेलं की लोक इंजिनचा आवाज ऐकतात, पत्र्याला गंज कुठे लागलाय ते वाकून बघतात, क्रोम बघतात, सीटचं कापड बघतात आणि टायरपाशी आले की नक्षीवर एक नजर टाकून "टायर तर नवेच दिसतायत" म्हणून पुढे सरकतात. गडबड इथेच होते. रोज पळणाऱ्या गाडीचा टायर झिजून बाद होतो, पण वर्षाला जेमतेम हजारेक किलोमीटर चालणाऱ्या गाडीचा टायर झिजायच्या कितीतरी आधी वयाने बाद होतो, त्यामुळे नक्षी खोल आहे ही गोष्ट इथे जवळजवळ काहीच सांगत नाही. उलट पंधरा वीस वर्षांच्या टायरवर पूर्ण नक्षी शिल्लक असेल तर मला जास्त काळजी वाटते, कारण तो टायर बदलायचा विचार कुणाच्या डोक्यातच येत नाही.

ही नुसती भीती घालायची गोष्ट नाही. २०१२ च्या सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये हिंडहेडजवळ एका बसचा पुढचा टायर फुटला, तीन जणांचा जीव गेला, आणि तपासात कळलं की तो टायर १९ वर्षांहून जास्त जुना होता. नक्षी कायद्यात बसत होती! त्यातूनच पुढे बराच पाठपुरावा होऊन फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये ट्रक आणि बसच्या पुढच्या अ‍ॅक्सलवर १० वर्षांपेक्षा जुने टायर वापरायला बंदी आली. २०१३ मध्ये अभिनेता पॉल वॉकरचा जीव घेणारा पोर्शे करेरा जीटीचा अपघात झाला त्याचं मुख्य कारण वेग होतं, पण गाडीचे टायर नऊ वर्षांचे होते आणि त्यामुळे पकड कमी झाली असू शकते हेही तपासात नोंदलं गेलं. खासगी क्लासिक गाड्यांना मात्र बहुतेक ठिकाणी टायरच्या वयाचा काही कायदा नाही, म्हणजे हा निर्णय आपला आपल्यालाच घ्यायचाय.

आधी रबराचं काय होतं ते समजून घ्या

टायरच्या रबरात ओझोन आणि ऑक्सिजनपासून वाचवणारी केमिकल्स आणि एक प्रकारचं मेण मिसळलेलं असतं. टायर फिरतो, दबतो, गरम होतो तेव्हा हे मेण हळूहळू पृष्ठभागावर येतं आणि पातळ थर बनवून रबराला झाकतं. गाडी उभीच राहिली तर टायरची ही हालचाल होत नाही, थर नव्याने तयार होत नाही, आणि हवेतला ओझोन ताणलेल्या रबराला चिरत जातो. म्हणून महिनोन्महिने एकाच जागी उभ्या गाडीच्या टायरला चिरा पडतात, आणि जिथे वजनाने साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, फुगलेली असते तिथे आधी पडतात.

हे झालं बाहेरून. आतून वेगळंच चालू असतं, आणि ते जास्त वाईट. टायरमध्ये दाबाने भरलेल्या हवेतला ऑक्सिजन रबरातून झिरपत झिरपत बाहेर जायला बघतो, जाताना नक्षीखालच्या स्टीलच्या तारांच्या थराच्या, म्हणजे बेल्टच्या, कडेचं रबर कडक आणि ठिसूळ करत जातो. बेल्ट आणि रबर एकमेकांना धरून ठेवतात ती जागा हीच. एक दिवस हायवेवर टायर तापतो आणि वरचा नक्षीचा पट्टा सुटून येतो, आणि बाहेरून तो टायर आदल्या दिवशीपर्यंत छान दिसत असू शकतो. म्हणूनच डिकीत पडून असलेली, एकदाही रस्त्याला न लागलेली स्टेपनी पण म्हातारी होते. उष्णतेने हे सगळं भरभर होतं, त्यामुळे गरम हवेच्या जागी किंवा पत्र्याच्या शेडखाली राहिलेल्या गाडीला जास्त कडक नियम लावा.

पायरी १: टायर धुवा

हसू नका, खरंच हे आधी करा. विकायला काढलेल्या गाडीच्या टायरला हमखास चकचकीत पॉलिश मारलेलं असतं, त्याखाली बारीक चिरा दिसत नाहीत. साबणाच्या पाण्याने, मऊ ब्रशने दोन्ही बाजू घासून काढा आणि सुकू द्या. सुकल्यावर जे दिसेल ते खरं. गाडीखाली शिरायचं असेल तर गाडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही आत जायचं नाही, जुन्या गाड्यांचे जॅक लावायचे पॉइंट गंजलेले असतात.

पायरी २: तारीख शोधा

टायरच्या साइडवॉलवर "डीओटी" अशी तीन इंग्रजी अक्षरं (अमेरिकेच्या वाहतूक खात्याची आद्याक्षरं) असतात आणि त्यापुढे अक्षरं आणि आकड्यांचा कोड. सुरुवातीची अक्षरं कारखाना आणि साइज वगैरे सांगतात, आपल्याला हवेत फक्त शेवटचे आकडे, जे बऱ्याचदा एका लंबगोल चौकटीत असतात. शेवटी चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. म्हणजे २४१९ असेल तर २०१९ सालचा २४ वा आठवडा, साधारण जूनचा मध्य. एवढंच आहे, पण गंमत अशी की पूर्ण कोड बऱ्याच टायरवर एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला डीओटी लिहिलेलं असतं पण तारखेचे आकडे नसतात. बाहेरून तारीख दिसली नाही म्हणजे ती नाहीच असं समजू नका, ती आतल्या बाजूला असेल. पांढऱ्या पट्ट्याचे टायर तर पट्टा बाहेर यावा म्हणूनच बसवलेले असतात, त्यामुळे तारीख आत गेलेली असणं तिथे अगदी नेहमीचं.

पुढच्या चाकांचं सोपं आहे, स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि टॉर्च तिरका धरा. मागच्या चाकांसाठी मोबाइलचा कॅमेरा चालू करून हात आत घाला आणि व्हिडिओ काढा, मान मोडून घेण्यापेक्षा बरं. आकडे पुसट असतील तर त्यावर खडू घासा, उठावाची अक्षरं लगेच वर येतात. आणि पाचही टायरचं बघा, प्रत्येकाचं वेगळं, वहीत लिहून ठेवा. चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच नक्षीचे असले तरी तारखा वेगळ्या निघू शकतात, कारण कधीतरी कुणीतरी एक पंक्चर झालेला बदललेला असतो.

आता तीन आकड्यांचे टायर. २००० सालाच्या आधी तारीख तीनच आकड्यांत लिहायचे, दोन आकडे आठवड्याचे आणि एक आकडा वर्षाचा. ४०८ म्हणजे ४० वा आठवडा आणि ८ वर संपणारं वर्ष, पण ते १९७८, १९८८ की १९९८ हे त्यावरून कळत नाही. काही कंपन्यांनी १९९० च्या दशकातल्या टायरवर आकड्यांपुढे छोटा त्रिकोण टाकला, त्यावरून दशक ओळखता येतं. लोक या दशकाच्या कोड्यात फार वेळ घालवतात, गाडीचा इतिहास लिहायला उपयोगी आहे ते मान्य, पण रस्त्यावर चालवायच्या दृष्टीने प्रश्नच उरत नाही. तीन आकडे दिसले की तो टायर बाद, दशक कुठलंही असो. डीओटी कोडच नसेल तर? अमेरिकेत हा कोड १९७१ पासून आला, त्याआधीच्या टायरवर तो नसणारच, आणि दुसऱ्या देशांच्या बाजारासाठी बनलेल्या जुन्या टायरवर पण नसू शकतो. तारीख सिद्ध करता येत नसेल तर टायर जुनाच धरायचा, विक्रेत्याच्या "दोन वर्षांपूर्वीच टाकलेत" वर विसंबायचं नाही. तो खोटं बोलत असेलच असं नाही, त्याने दोन वर्षांपूर्वी टाकले असतील पण तेव्हा ते गोडाऊनमध्ये सात वर्षं पडून राहिलेले असू शकतात.

अजून एक फसगत म्हणजे नक्षी. क्लासिक गाड्यांसाठी काही कंपन्या आजही जुन्या साच्यांसारखे, जुन्या नक्षीचे टायर नव्याने बनवतात. कोकर, ब्लॉकली, मिशलिनची क्लासिक रेंज, पिरेलीची कोलेझिओने, व्रेडेस्टाइनचा स्प्रिंट क्लासिक, बरेच आहेत. त्यामुळे १९६० सालचा दिसणारा टायर मागच्या वर्षीचा असू शकतो आणि अगदी मॉडर्न दिसणारा टायर पंधरा वर्षांचा. दिसण्यावरून वय ठरवूच नका, आकडे वाचा.

पायरी ३: वयावरून निर्णय

मी लावतो ते गणित सरळ आहे. पाच वर्षांपर्यंत नेहमीची तपासणी पुरे. पाच झाली की दरवर्षी टायरवाल्याकडून नीट तपासून घ्यायचा, मिशलिन सुद्धा हेच सांगते, आणि दहा वर्षं झाली की टायर कितीही चांगला दिसो, बदलायचा. काही गाडी कंपन्या तर सहा वर्षांतच बदला म्हणतात. ब्रिटनमधल्या रबर उत्पादकांच्या संघटनेने २००१ मध्ये दिलेला सल्ला पण लक्षात ठेवण्यासारखा आहे, न वापरलेला टायर सहा वर्षांपेक्षा जुना असेल तर तो नव्याने बसवूच नका. "जुना पण कोरा, एकदाही न वापरलेला" असा टायर स्वस्तात मिळतोय म्हणून खूश होणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

सहा ते दहा हा खरा डोकं लावायचा काळ. गाडी सावलीत, थंड जागी राहिलीय, नियमित चालते, हवा कायम बरोबर ठेवलीय, तर आठव्या वर्षी पण टायर ठीक निघू शकतो. तेच उन्हात, कमी हवेवर, वर्षानुवर्षं एका जागी उभी असेल तर सहाव्या वर्षीच हात जोडा. गाडी हायवेला जाणार असेल, घाट उतरणार असेल, घरचे मागे बसणार असतील तर मी कायम आधीच्या बाजूला झुकतो. दहाच्या पुढे मात्र चर्चा नको.

पायरी ४: डोळ्याने आणि हाताने तपासणी

वय ठीक निघालं तरी ही तपासणी करायचीच, कारण चार वर्षांचा टायर पण खराब असू शकतो. भरपूर उजेड घ्या आणि चाक पूर्ण गोल फिरवत बघा, जमिनीला टेकलेला भाग पण वर आला पाहिजे.

साइडवॉलवर केसासारख्या वरवरच्या रेषा असतील तर लक्ष ठेवायचं. चीर बोटाने ताणल्यावर उघडते, नख आत अडकतं, किंवा आत दोरा नाहीतर कापड दिसतं, तर टायर लगेच बाद. चिरा कुठे आहेत हे पण महत्त्वाचं. साइडवॉलच्या चिरा सगळ्यांना दिसतात, पण नक्षीच्या खोबणीच्या तळाशी असलेल्या चिरा लोक बघतच नाहीत आणि त्या जास्त वाईट, कारण त्याखालीच बेल्ट आहे. तिसरी जागा म्हणजे रिमला लागून असलेली कडा, तिथे टायर सतत वाकतो.

फुगवटा कुठेही असो, साइडवॉलवर किंवा वरच्या नक्षीवर, गाडी तिथेच थांबवा, आतले दोरे तुटलेत किंवा थर सुटलाय. नक्षीवरचा फुगवटा डोळ्याला पटकन दिसत नाही म्हणून चाक उचलून हळू फिरवा आणि बाजूला एखादी वस्तू स्थिर धरून बघा, टायर वर खाली होतो का, डावीउजवीकडे लहरतो का. रिम सरळ आणि टायर लहरतोय तर तो आतून सुटत चाललाय असंच धरा.

नक्षीची खोली पण मोजून घ्या, बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि खोबणीत त्या उंचीची छोटी पट्टी असते. पण ओल्या रस्त्यावर मला ती फारच कमी वाटते, ३ मिलिमीटरला बदलायचा विचार सुरू करा.

रबर किती कडक झालंय हे मोजायला ड्युरोमीटर नावाचं छोटं यंत्र मिळतं, शोर ए स्केलचं. नव्या साध्या कारच्या टायरचं रीडिंग साधारण ६० ते ७० च्या दरम्यान येतं, ८० च्या पुढे गेलं तर रबर प्लास्टिकसारखं व्हायला लागलंय आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबल्यावर ते कळेल. थंडीत रीडिंग वाढतं, म्हणून सगळे टायर एकाच वेळी, सावलीत, खोलीच्या तापमानाला मोजा. मात्र रीडिंग चांगलं आलं म्हणून निर्धास्त होऊ नका, हे यंत्र फक्त वरचं रबर मोजतं, आतला बेल्ट त्याला दिसत नाही.

पायरी ५: रिमवरून उतरवून बघा

गाडी नवीन घेतली असेल आणि टायर वयात बसत असतील तर एकदा तरी टायर रिमवरून उतरवून घ्या. आतल्या अस्तरावर गोल काळसर पट्टा किंवा रबराचा भुगा दिसला तर तो टायर कधीतरी कमी हवेवर बराच चाललाय, साइडवॉल आतून कमजोर झाली, फेकून द्या. पंक्चरचे जुने पॅच मोजा, साइडवॉलवर पॅच असेल तर बाद.

ट्यूब असलेल्या टायरमध्ये ट्यूबचं वय कुणीच बघत नाही. टायर नवा आणि ट्यूब वीस वर्षांची, असं सर्रास असतं. टायर बदलला की ट्यूब बदलायची, साइजची बरोबर, रेडियल टायरला (ज्याचे आतले दोरे सरळ आडवे असतात) रेडियलसाठीची. तारांच्या चाकात स्पोकच्या टोकांवरची रबर पट्टी पण नवी घाला, स्पोकची टोकं ट्यूब खातात. नव्या टायरच्या आतल्या बाजूला कागदी स्टिकर चिकटवलेला असेल तर तो काढून टाका, ट्यूबवर घासून घासून भोक पाडतो. ट्यूबलेस असेल तर रबरी व्हॉल्व्ह बदला, तो पण टायरइतकाच म्हातारा झालेला असतो. रिमच्या कडेला गंज असेल तर घासून रंगवा, नाहीतर हवा तिथून झिरपत राहील आणि तुम्ही उगाच टायरला दोष द्याल.

पायरी ६: हा टायर या गाडीचा आहे का?

सुरक्षितता म्हणजे फक्त वय नाही. जुन्या गाड्यांवर आधीच्या मालकांनी मिळेल तो टायर चढवलेला असतो. साइडवॉलवर साइजच्या पुढे आकडा आणि अक्षर असतं, आकडा वजनाचा आणि अक्षर वेगाचं. ८२ म्हणजे एका टायरला ४७५ किलो, एस म्हणजे ताशी १८० किलोमीटर, एच म्हणजे २१०. गाडीच्या मॅन्युअलशी जुळवा. जुन्या साइजचं रूपांतर करताना लक्षात ठेवा की १६५ आर १५ असं लिहिलंय आणि मध्ये ६०, ७० असा आकडा नाही तर साइडवॉलची उंची रुंदीच्या साधारण ८० टक्के असते. फोक्सवॅगन बीटलवर आधी ५.६०-१५ हे क्रॉसप्लाय (आतले दोरे तिरके, एकमेकांना छेदणारे) टायर यायचे आणि नंतर १६५ आर १५ रेडियल, असे कंपनीनेच केलेले बदल शोधून तेच वापरणं सगळ्यात सुरक्षित.

रेडियल आणि क्रॉसप्लाय एकाच अ‍ॅक्सलवर कधीच नको. पुढे रेडियल मागे क्रॉसप्लाय तर अजिबात नको, वळणावर मागची बाजू आधी सुटते आणि गाडी गिरकी घेते. मिसळणं टाळता येतच नसेल तर रेडियल मागे, पण खरं सांगायचं तर चारही सारखेच घाला. आणि गाडीवर मिशलिनचे टीआरएक्स रिम असतील, साइजमध्ये ३९० असा मिलिमीटरचा आकडा दिसेल, तर त्यावर साधा १५ किंवा १६ इंची टायर चढवायचा प्रयत्न कुणालाही करू देऊ नका. तो नीट बसत नाही, जबरदस्तीने बसवला तर हवा भरताना फुटून माणूस जाऊ शकतो.

चालवताना काय सांगतो टायर

सगळं तपासून गाडी बाहेर काढली की पहिले काही किलोमीटर हळू चालवा आणि हात, पाय, कान उघडे ठेवा. खूप दिवस उभ्या गाडीचे टायर खाली चपटे होतात आणि सुरुवातीला धपधप जाणवते, टायर गरम झाल्यावर ती गेली तर ठीक. वीसेक मिनिटांनी पण जात नसेल तर चपटेपणा कायमचा आहे किंवा आत काहीतरी सुटतंय. बॅलन्सिंगचं कंपन वेग वाढल्यावर येतं, बेल्ट सुटत असेल तर अगदी हळू जाताना सुद्धा स्टिअरिंग डोलतं, हा फरक लक्षात ठेवा. कालपर्यंत नव्हतं ते कंपन आज आलं, दिवसागणिक वाढतंय, तर "पुढच्या आठवड्यात दाखवू" नको, गाडी बाजूला घ्या आणि टोइंगने न्या.

नवे घेताना आणि ठेवताना

नवे टायर घेताना बसवायच्या आधी दुकानातच तारीख वाचा, क्लासिक साइजचे टायर कमी खपतात म्हणून गोडाऊनमध्ये पडून राहतात. वर्षभरापेक्षा जुना असेल तर मी बदलून मागतो. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या केमिकलचा थर असतो, पहिले दोनतीनशे किलोमीटर सांभाळून, विशेषतः ओल्या रस्त्यावर.

उभ्या गाडीचे टायर टिकवायचे तर हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त ठेवा, साइडवॉलवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या आत, आणि निघताना परत बरोबर करा. दर दोनतीन आठवड्यांनी गाडी खरंच चालवून आणा, जागच्या जागी पुढेमागे करून चपटेपणा टळतो पण टायर गरम होत नाही. ऊन लागू देऊ नका, खाली ऑइल सांडू देऊ नका, आणि वेल्डिंग किंवा ठिणग्या उडणाऱ्या विजेच्या मोटर त्याच खोलीत चालवू नका कारण त्यातून ओझोन बनतो.

काहींना गाडीवर तिचे मूळचे टायर हवेच असतात, प्रदर्शनासाठी, आणि मला ते पूर्ण समजतं. मग ते वेगळ्या रिमवर चढवून ठेवा, आतल्या बाजूला पेंटने "फक्त ढकलण्यासाठी" असं मोठं लिहा, गाडी ट्रेलरवर न्या. आणि जे टायर काढून टाकलेत ते तसेच कोपऱ्यात ठेवू नका किंवा कुणाला "घे, नक्षी चांगली आहे" म्हणून देऊ नका. साइडवॉलला ड्रिलने आरपार भोक पाडा, मग रिसायकलिंगला द्या, म्हणजे तो टायर परत कुणाच्याच गाडीला लागणार नाही.